मास्कखालची वरात

माझे अब्बा रेडिएशनच्या टेबलावरून उठून पळाले होते.

हॉस्पिटलच्या गाऊनमध्ये, थेट रिक्षात. स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षावाल्याने विचारलं, "काका, डिस्चार्ज मिळाला का?"
अब्बा म्हणाले, "मीच दिला."

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.
आणि ते कॅन्सरने गेले नाहीत, हे मला सगळ्यांना ओरडून सांगायचंय.

कसबा पेठेत आमचा लग्नाचा बँड. अब्बा मास्टर. क्लॅरिनेट वाजवत वरातीपुढे अशा रुबाबात चालायचे की नवरदेवापेक्षा त्यांचेच फोटो जास्त निघायचे.

मग घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, रेडिएशनने बरा होईल, पण ट्रीटमेंट मधेच सोडायची नाही.

त्यात चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क बसवून तो टेबलाला अडकवतात. मान हलू नये म्हणून.

"जीव कोंडतो माझा. तोंड बांधून मरायचं नाही मला," अब्बा म्हणाले.

अम्मी रडली. मामू रागावले. मी गूगल केलं. उपयोग शून्य.

डॉक्टर आठवडाभर थांबायला तयार होते, त्याहून जास्त नाही. त्यांनी तिथल्याच सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं.

अब्बा दारातूनच म्हणाले, "आजार घशाला आहे, मॅडम. डोकं ठीक आहे माझं."

मॅडम पक्क्या पुण्याच्या. "हो ना. पण पळून जायचं डोक्यानेच ठरवलं ना? घसा बिचारा टेबलावर गप्प पडून होता."

अब्बा आत येऊन बसले.

पहिल्या दिवशी मास्क नुसता मांडीवर. मग स्वतःच्या हाताने चेहऱ्याला लावायचा, वाटेल तेव्हा काढायचा. मग क्षणभर क्लिपा लावून.

"घाबरलात तरी चालेल," मॅडम सांगायच्या. "भीती चढते तशी उतरतेही. ती उतरेपर्यंत थांबायची सवय करतोय आपण."

एकदा त्यांनी विचारलं, "मास्टर, टेबलावर मनात काय चालतं?"
"मशीन कधी थांबणार, एवढंच."
"त्यापेक्षा वरात काढा. छोटीशी. कुठून कुठे, ते तुम्ही ठरवा."

अब्बांनी गंभीरपणे विचार केला. "गल्लीच्या तोंडापासून कार्यालयाच्या दारापर्यंत."
"ठरलं. मशीन सुरू झालं की बँड सुरू."

तो दिवस आला. मी बाहेर, दाराकडे कान लावून.

आतून माइकवर टेक्निशियनचा आवाज. "काका, पाय हलवू नका!"
मशीन थांबलं. परत सुरू झालं.
"काका!!"

मास्कखाली आमचे मास्टर मनातल्या मनात वरात वाजवत होते आणि पायाने ठेका धरत होते. इतकी वर्षं बँडमध्ये घालवलेला माणूस, दुसरं काय करणार?

मला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी.

मॅडमना निरोप गेला. त्या आल्या आणि म्हणाल्या, "मास्टर, वरात रद्द. पाठवणीचं वाजवा. पाठवणीला कोणी ठेका धरत नाही."

जमलं.
पाय हलला नाही. अब्बा उठून पळाले नाहीत.

रोज जायचे. काही दिवस फार वाईट गेले. घसा सोललेला, पाणीसुद्धा उतरत नव्हतं. एकदा डोळे पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "आज नवरी फारच रडली."

पण एकही दिवस चुकवला नाही.

कॅन्सर गेला. रेडिएशन मात्र जाताना तोंडाची लाळ घेऊन गेलं, आणि कोरड्या तोंडाने क्लॅरिनेट वाजेना. त्याचंही दुःख अब्बांनी मॅडमच्या खोलीत बसूनच रडून घेतलं. घाईने कोणी समजूत घातली नाही. मग पुन्हा वरातीपुढे उभे राहिले. नुसते हात हलवत, रुबाब तोच.

गेल्या वर्षी दुपारच्या झोपेत हृदय थांबलं. शांतपणे.

आमच्यात जनाज्याला वाद्यं नसतात. बँडची पोरं तरीही युनिफॉर्म घालून आली, रिकाम्या हातांनी.

माती देणाऱ्यांत गळ्याला मफलर गुंडाळलेले एक अनोळखी गृहस्थ होते. मी विचारलं, "आपण?"

घोगऱ्या आवाजात म्हणाले, "धायरीहून आलोय. माझं रेडिएशन सुरू होणार त्या दिवशी मास्टर माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, आधी त्या मॅडमना भेटा, मी इथेच थांबतो. आणि खरंच थांबले हो, संध्याकाळपर्यंत."

अब्बांनी हे घरी कधीच सांगितलं नव्हतं.

अब्बा, ते गृहस्थ बरे आहेत. आज सकाळी त्यांचा फोन आला होता, नातीचं लग्न ठरलंय.
बँड आपलाच आहे.

खुदा हाफिज, मास्टर.