कानात सूनबाई

एका दुष्काळी वर्षी देवगाव रंगारीतली विहीर आटली. तेव्हा शेरडं लेकीकडं गंगापूरला पाठवून माझ्या सासूबाई आमच्याकडं शहरात राहायला आल्या. त्यांना मी आत्या म्हणायची. इथंही नळाला आठवड्यानं पाणी यायचं, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. बोलायला माणूस मिळत नाही, एवढीच तक्रार.

मी तेव्हा एका लहानशा संग्रहालयात नोकरीला होते. तिथं नुकतीच नवी सोय झाली होती. वस्तूसमोरचा कोड मोबाइलनं स्कॅन केला की कानात माहिती ऐकू यायची. आवाज माझाच. लोक मात्र तलवारीसमोर सेल्फी काढून निघून जायचे.

एका रविवारी आत्यांना घेऊन गेले. माझ्या मोबाइलवर सगळी माहिती ओळीनं लावून तो त्यांच्या हातात दिला, हेडफोन कानांवर चढवले आणि तिकिटाच्या खिडकीशी येऊन बसले. थोड्या वेळानं आतून मोठमोठ्यानं बोलणं ऐकू आलं. धावत गेले, तर आत्या तलवारीसमोर एकट्याच उभ्या.

"बघितली मूठ. लई बारीक काम हाय. पुढं सांग."

मग हिमरू शालीपाशी, "हिमरू म्हंजी काय, ते सांगितलंच नाय तू!"

मी रेकॉर्डिंगमध्ये म्हटलं असणार, आता आपण उजवीकडे वळावे. कारण त्या लगेच म्हणाल्या, "वळते गं, गुडघं धरलेत. आन् आपण-बिपण काय? घरात तर कधी म्हणत नाय."

मी लाजेनं चूर झाले. पण भोवती माणसं जमली होती आणि पोट धरून हसत होती. एका बाईनं मला विचारलं, "वो अम्मा जो सुन रहे, वो हमको भी लगाके देव ना."

हसणं ऐकून आलेले संग्रहालयाचे साहेब म्हणाले, "दोघींचं मिळून रेकॉर्ड करू या."

माइकसमोर मात्र आत्या मुक्या. पदर सावरून नुसती मान हलवायच्या. शेवटी रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल पर्समध्ये टाकला, त्यांना दालनात नेलं आणि सहज तलवारीपासून सुरुवात केली. मग त्या थांबेनात. हिमरूचा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला; तो आम्ही तसाच ठेवला आणि उत्तरही घातलं, की हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम मिसळून केलेलं नक्षीचं विणकाम.

आता लोक शालीपाशी रेंगाळू लागले. शांत दालनात या कोपऱ्यात एकाला हसू फुटायचं, मग त्या कोपऱ्यात दुसऱ्याला.

आत्यांनीही ते शेवटपर्यंत ऐकलं.

"झकास झालंय," त्या म्हणाल्या. "फकस्त तू जरा कमी बोलायला पायजे व्हतं."