उजवा खांदा

संस्थानं विलीन होत होती, तेव्हाची गोष्ट. कुठल्याशा संस्थानाच्या शस्त्रागारातली धनुष्यं बुरहानपुरात प्रदर्शनाला आली होती. मुलाकडच्यांना मला दाखवायचं आईने तिथेच ठरवलं. दोन घरं अशी 'सहज' भेटली, की नकार आला तरी मुलीचं नाव खराब होत नसे. आईचं खरं कारण वेगळं होतं. माझा उजवा खांदा जन्मापासून वर आहे. घरी चहा घेऊन चालताना तो दिसला असता. गर्दीत, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतल्यावर, दिसणार नव्हता. मलाही तो कुणाला दिसायला नको होता, कारण हा मुलगा लग्नानंतर कॉलेजात जाऊ देणार होता.

दगडी दालनात गारवा होता.

"इंग्रजी शाळेतली ना गं? मग बोल की," मुलाची आई म्हणाली. "का मराठी विसरली?"

मी नुसती हसले.

मेजावर प्लास्टरचं धड ठेवलं होतं. माहिती सांगणारा म्हणाला, "असीरगढच्या वाटेवर एका तिरंदाजाची हाडं निघाली, त्यांच्यावरून बनवलंय. लहानपणापासून धनुष्य ओढून ओढून खांदा कसा चढलाय बघा. हात लावा ना!"

मी लावला. आंघोळ करताना रोज हाताला लागतो तोच उंचवटा. प्लास्टर कोमट होतं. इतक्यांचे हात लागले होते, म्हणून असेल.

मुलाच्या आईची नजर त्या खांद्यावरून माझ्या पदरावर आली.

पलीकडे एक धनुष्य चौकटीत पक्कं बसवलं होतं. पुरुषांना त्याची दोरी छातीपर्यंतही ओढता येत नव्हती.

"ताई, बघता ओढून?" माहिती सांगणाऱ्याने मला विचारलं.

"तिला नाही जमायचं," आई घाईने म्हणाली.

मीही नकोच म्हणणार होते. पण दोरीला हात लागला आणि कुणीतरी मागून उचलावं तसं माझं कोपर वर गेलं. पदर घसरला. दोरी कानापर्यंत आली. लाकूड करकरलं.

"सोडू नका! बाण नसताना सोडलं तर फुटेल ते. हळूहळू परत जागेवर न्या."

मी दोरी हळूहळू जागेवर नेली. कानाजवळ कुणाचा तरी श्वास माझ्याबरोबर संथ होत गेला.

"जन्मापासून?" मुलाच्या आईने विचारलं.

"नाही हो, पदर जरा..." आई म्हणाली.

"हो," मी म्हणाले. तिथे गेल्यापासूनचा माझा पहिला शब्द.

संध्याकाळी नकार आला.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला? गेलं ना कॉलेज?" आई रडत होती.

"आई, तेव्हा माझ्या मागे कोण उभं होतं?"

"कोण असणार? ते प्लास्टरचं धड होतं तेवढंच."