उजव्या सीटवरचे सर

आमच्या उड्डाणाच्या तासांची वही, म्हणजे लॉगबुक, हातात घेतलं की सर आधी चष्मा पुसायचे, मग एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "या विमानाला दुसरा माणूस लागत होता का?"

लोणावळ्यात तुंगार्लीच्या तळ्याकडं जाताना एका जाळीच्या व्हरांड्यात पोरापोरींना शिकवणारे उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. तेच आमचे सर. उभी हयात छोटी विमानं उडवायला शिकवण्यात गेली. पुढं डोळ्यांनी दगा दिला, वैद्यकीय तपासणीत नापास झाले आणि घरी बसून उड्डाणाचे नियम शिकवू लागले. घरी बसले म्हणजे गप्प बसले, असं मात्र समजू नका.

त्यांचा लाडका नियम एकच. ज्या विमानाला एक वैमानिक पुरतो, त्यात शेजारी बसणाऱ्यानं सहवैमानिक म्हणून तास लिहायचे नाहीत. तो प्रवासी. हा नियम ते कुठंही लावायचे. भुशी धरणावरच्या गर्दीत रिक्षावाल्याला चिकटून त्याचा मित्र बसलेला दिसला की म्हणायचे, "हा बघ, प्रवासी." डोळे चांगले होते तेव्हाची गोष्ट. सर पुण्याहून गाडी चालवत येत होते; चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारी बसून रस्ता सांगायला लागल्या, तर त्यांनाही यांनी तेच ऐकवलं. चाची गप्प बसल्या. लोणावळ्याचा फाटा मागं राहिला आणि दोघं थेट खोपोलीला पोचले.

मलाही याची गंमत वाटायची, माझ्यावर येईपर्यंत.

व्यावसायिक परवान्यासाठी माझे तास भरत आले होते. त्यातले एकतीस एका उद्योजकाच्या चार आसनी विमानात उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या सीटवर बसून मिळवलेले. एका नोकरीचं बोलावणं आलं होतं, परवाना त्याच महिन्यात हवा होता. आणि सरांचं बोट नेमकं त्या ओळींवर थांबलं. मी चिडून सांगितलं, रेडिओवर मी बोलत होते, नकाशा मी बघत होते, इंधनावर लक्ष माझं होतं.

"मदत केलीस," सर म्हणाले. "मदतीचे तास नसतात, बेटा."

लॉगबुकात गिरबटायचं नसतं. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही करायची. एकतीस तासांवर मी अशा रेघा मारल्या आणि घरी येऊन रडले. आमचे आबा, म्हणजे वडील, शेतकरी माणूस. त्यांचं आपलं एकच, "लिवल्यालं खोडाया कुनी सांगितलं तुला?" ती नोकरी हातची गेली. मला सरांचा इतका राग आला की सात महिने तुंगार्लीला फिरकले नाही. तास पुन्हा भरले, परवाना हातात पडला आणि पहिली आठवण कुणाची यावी? त्यांचीच! मेलं नशीब, दुसरं काय.

पेढे घेऊन गेले. सरांनी परवाना डोळ्यांजवळ धरून वाचला आणि हळूच म्हणाले, "मला एकदा नेशील?" त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं असेल, तर ते एवढंच.

नेलं. डावीकडं मी, उजवीकडं सर. त्यांना फारसं दिसत नव्हतं, पण नुसत्या आवाजावरून त्यांनी इंजिनाचं इंधन जरा कमी करायला सांगितलं आणि ते बरोबर निघालं. वारा आडवा झाल्याचंही माझ्याआधी त्यांनाच कळलं. मग विचारलं, "तळं आलं का?" आलं म्हटल्यावर खिडकीकडं तोंड करून ते बसून राहिले.

उतरल्यावर मी लॉगबुक उघडलं आणि मुद्दाम विचारलं, सर, तुमचं काय लिहू?

"हे विमान एकाला पुरतं ना? मग माझं काय लिहिणार?"

ते हसले, मीही हसले, आणि अगदी शिकवल्याप्रमाणे ओळ भरून टाकली.

दोन महिन्यांनी सर गेले. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी त्यांच्या घरी गेले तेव्हा चाचींनी माझं लॉगबुक सोबत आणायला सांगितलं होतं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. ते उडाले ती ओळ दाखव, म्हणाल्या. मी दाखवली.

"यात त्यांचं नाव कुठंय?"

तारीख होती, विमानाचा नंबर होता, पंचावन्न मिनिटं होती, वैमानिक म्हणून माझं नाव होतं. त्यांचं नाव नसतं लिहायचं, असं मी कसंबसं सांगितलं. चाचींनी मान हलवली. त्या ओळीवर तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही.

नियम बरोबर आहे, मी आजही पाळते. पण त्या ओळीत मी एकटीच उडतेय, हे मला अजून सोसत नाही.