लोद ते बीरशेबा, मांडीवर बॅटरी

बीरशेब्याला बसने जावं. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचा ज्यांना कंटाळा आहे त्यांचं काम झालं. बस लोदहून सुटते, रमल्याला भरते, आणि तिकीट फलाफलाच्या चार पुड्यांहून जास्त पडत नाही. आम्ही बसने गेलो नाही, ह्याचं कारण पाटा.

माझी मुलगी लीया बीरशेब्याला दिलेली. तिला मागच्या शनिवारी मुलगा झाला. आमचा पहिला नातू. आठव्या दिवशी सुंता, म्हणजे तीही शनिवारीच. आठवा दिवस पुढे ढकलता येत नाही. सुंतेच्या वेळी बाळाला मांडीवर धरायचा मान आजोबाचा. आता आजोबा दोन. एक मी, चार इयत्ता शिकलेला, अलिबागकडचा. दुसरे आमचे व्याही बेंजामिनसाहेब, पुण्याचे, मॅट्रिक, कोटाच्या खिशाला पेन. मान माझा ठरला होता, पण मी शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत पोचलो तरच. शुक्रवारी सूर्य बुडाला की आपण गाडीत पाय ठेवत नाही. मी वाटेत अडकलो की मांडी व्याह्यांची, आणि ते पेन माझ्या नातवाच्या डोक्यावर लोंबणार, हे मला दिसत होतं.

म्हणून मी गुरुवारीच निघालो होतो. पण लीयाने निरोप पाठवलेला, "येताना आपला पाटा-वरवंटा आणा, इथे मसाला वाटायला काही नाही." आमचा पाटा मुंबईहून बोटीने आला. कस्टमच्या माणसाने तो उलटा करून पाहिला, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. बसच्या ड्रायव्हरने तेवढंही केलं नाही. दारातच म्हणाला, "थडगं घेऊन बसमध्ये चढायचं नाही." मी घरी परत.

गुडघ्यांमुळे प्रवास न झेपणारी बायको म्हणाली, "अहो, पाटा राहू दे, तुम्ही जा."

"आणि पोरीला काय सांगू? आईने मायेपेक्षा वजन पाहिलं?"

झालं. शुक्रवारी सकाळी माझा भाचा दानियल आपली फटफटी घेऊन हजर. दानियलला आम्ही दान्या म्हणतो. मुंबईत तो शिवणाचं मशीन दुरुस्त करी, इथे विमानतळावर सामान ओढतो, त्यामुळे आपल्याला इंजिन कळतं असा त्याचा समज आहे. फटफटीला बाजूला साइडकार. त्यात मी, माझ्या पायांखाली पाटा, दोन पायांत वरवंटा.

"दान्या, पेट्रोल आहे ना?"

"आहे, मामा."

"चाकांत हवा?"

"मामा, सावलानूत!" म्हणजे धीर धरा. ह्या देशात कुणालाही काही विचारा, उत्तर हेच. धीर धरायला सांगणाऱ्याकडे तो असता तर प्रश्नच नव्हता.

रमले, गदेरा, तिथपर्यंत रस्ता डांबरी आणि सुरेख. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा. हवा खावी म्हणावं तर धूळ खावी लागते, तेव्हा जाणाऱ्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. मस्मियाच्या फाट्यावर सगळ्या गाड्या थांबतात. तिथे चण्याच्या भज्या रोटीत भरून देतात, त्याला फलाफल म्हणतात. वरून तिखट मागितलं तर दुकानदार काळजीने बघतो. तिखट म्हणजे त्यांच्या मते तिखट. आम्ही दोघांनी दोन-दोन खाल्ल्या. माझं लक्ष सूर्याकडे. सूर्य डोक्यावर होता, पण त्याचा भरवसा काय?

परत येऊन दान्याने किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. दिवा लावून पाहिला, तर दिव्यात मेलेल्या काजव्याएवढाही उजेड नाही. हॉर्न दाबला, तो आजारी कोंबडीसारखा एकदा बोलला आणि गेला.

"बॅटरी," दान्या म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मेली, मामा."

ढकलून सुरू होते असं त्याने ऐकलं होतं. मग पाटा उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवला, कारण पाट्यासकट ती गाडी बैलांनाही हलली नसती. मी मागून ढकलली. साठी उलटलेला माणूस, नवी इस्त्रीची पँट, मागून पोरं ओरडतायत, "सबा, जोरात!" सबा म्हणजे आजोबा. आजोबा व्हायलाच निघालो होतो. चांगलं लांबपर्यंत ढकललं. इंजिन खोकलंसुद्धा नाही. मग पाटा मागे राहिला म्हणून गाडी पुन्हा मागे ढकलली.

फाट्यावर एक गॅरेज आहे. मालक रुमानियाचा, शटर अर्ध्यावर आणलेलं. त्याने बॅटरीचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि दान्याकडे पाहिलं.

"ह्यात काय घालतोस?"

"पाणी."

"कुठलं?"

"नळाचं."

"मग त्यात मासे सोड," मालक म्हणाला. त्याने ती चार्जिंगला लावतो म्हणून ठेवून घेतली, पण रविवारी सकाळी या म्हणाला. दुसरी विकत? नाही. उसनी? नाही. शब्बाथ आला, शटर खाली.

मी तिथेच पाट्यावर बसलो आणि एलियाहू हन्नाबीला, आमच्या नवसाला पावणाऱ्या प्रेषिताला, मलिदा बोललो. पोहे, गूळ, खोबरं, सगळं. मनात म्हटलं, तू अग्नीच्या रथात बसून वर गेलास, तुझ्या रथाला बॅटरी लागत नव्हती, पण तरी बघ काही जमतंय का. दान्या हसला. मी त्याला म्हटलं, "हस. व्याही उद्या माझ्या जागेवर बसले की मीही हसेन, बीरशेब्याला ऐकू जाईल असा."

तो हसायचा थांबला आणि कुठेतरी बघायला लागला. फाट्याच्या पलीकडे नव्या वसाहतीची घरं होती. तिथे विजेचा एकही खांब नाही. पण दोन छपरांवर एरियलच्या तारा.

"मामा, वीज नाही आणि रेडिओ आहे. म्हणजे रेडिओ कशावर चालतो?"

"कशावर?"

"मोटरच्या बॅटरीवर!"

पहिल्या घरात उघड्या डोक्याचा, चड्डीतला एक गृहस्थ होता. बॅटरी होती, सहा व्होल्टची, आपल्याला हवी तीच. दान्याने सगळी कथा सांगितली. गृहस्थ म्हणाला, "वाईट वाटतं. पण शनिवारी एकच दिवस मला गाणी ऐकायला सवड मिळते." मी बाहेर येऊन दान्याला म्हटलं, शब्बाथ मोडणाऱ्यांवर माझा राग नव्हता, आज आला.

दुसऱ्या घरात येमेनचा एक म्हातारा, नहूम. कानांपाशी बटा, पाण्याचं घंगाळ पुढे, शब्बाथसाठी पाय धूत बसलेला. दान्या सुंता म्हणाला आणि नहूम ओल्या पायांनी उठला.

"आज सूर्य बुडाल्यापासून उद्या तारे दिसेपर्यंत माझ्या घरी रेडिओ मुका," तो म्हणाला. "मुक्या रेडिओला बॅटरी कशाला? घेऊन जा. पण उद्या तारे दिसले की निघा. आठवड्याच्या बातम्या असतात, बायको मला खाईल."

त्याची बायको आतून काहीतरी बोलली. दान्या म्हणाला, "ती म्हणते, बातम्यांशिवायही खाईन."

ती बॅटरी फटफटीच्या खोक्यात मावेना. तेव्हा दान्याने दोन लांब तारा जोडल्या आणि बॅटरी माझ्या मांडीवर दिली. "सरळ धरा, मामा. कलली तर तेजाब सांडेल." पायांखाली पाटा, मांडीवर तेजाब, डोळे सूर्यावर. किक मारली, आणि फटफटी अशी सुरू झाली की फलाफलवाल्याने टाळी वाजवली.

पुढचा रस्ता कोरडा आणि खड्ड्यांचा. झाडं मागे राहतात, मग उंट दिसतात. देखावा सुंदर असणार. मी पाहिला नाही. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडत होतो, "दान्या, हळू!" आणि प्रत्येक सपाटीला, "दान्या, जोरात!" एकदा थोडं सांडलंच. नव्या पँटीला मांडीवर भोकं पडू लागली. मी हललो नाही. पोहोचलो तेव्हा सूर्य टेकडीवर टेकलेला होता आणि लीयाच्या हातात पेटती काडी, दिवे लावायच्या बेतात.

दारात बेंजामिनसाहेब. घामाने भिजलेले. मला वाटलं, आता टोमणा येणार. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"अहो, दुपारपासून रस्त्यावर उभा आहे मी! तुम्ही आला नसता तर माझं काय झालं असतं?"

"का? काय झालं?"

"मला रक्त बघवत नाही हो. माझ्या स्वतःच्या मुलाच्या वेळी मी खाली पडलो होतो. हिला सांगू नका."

शंभर किलोमीटर मी ह्या माणसाशी मनात भांडत आलो होतो! निदान रमल्याला तरी ते भांडण थांबवायला हवं होतं.

शनिवारी मी बसलो. भोकांवर उशी, उशीवर नातू. साहेब सर्वांत मागे, भिंतीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत होते, त्यांचा आवाज सगळ्यांहून मोठा. पोरगा ओरडला तेव्हा मीही ओरडणार होतो.

तारे दिसले तसे जेवण अर्धं टाकून निघालो. नहूम दारात उभा होता, बायको त्याच्या मागे. बॅटरी लावली, रेडिओ बोलायला लागला, तेव्हाच त्यांनी आम्हाला बसा म्हटलं. रात्री तिथेच झोपलो. रविवारी गॅरेजवाल्याने बॅटरी परत दिली, सोबत शुद्ध पाण्याची एक बाटलीही, आणि ती पिऊ नका असं दान्याला दोनदा सांगितलं.

घरी आल्यावर बायकोने आधी पँट पाहिली. मग म्हणाली, "मोठ्याने रडला का हो?"

"रडला. मग थांबला."

"कसा काय?"

"मी म्हटलं, उगी, उगी, झालं हां बाळा. आणि तो माझ्याकडे बघत थांबला."

बायको पदर डोळ्याला लावून आत गेली. मी बसून राहिलो. हा पोरगा उद्या मोठा होईल आणि दान्यासारखा मला सावलानूत म्हणेल. मी मराठीत चार वाक्यं बोललो की त्यातली तीन त्याला कळणार नाहीत. हे मला आत्ताच दिसतं, काळजी करायची माझी सवय आहे. पण पहिलं मोठं दुखलं तेव्हा त्याला समजवायला कोणती भाषा लागली, हे त्याला मी सांगणार आहे.

पाटा पोचला. त्याला एवढासा टवकाही उडाला नाही.