मे ओन्ली पार्टली

काल दहावीच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना एका मुलीने 'मे ओन्ली'मधला 'ओन्ली' गाळलेला दिसला आणि मला राळेगावचं ते शेतीच्या औषधांचं दुकान आठवलं.

कापसावर बोंडअळी पडली त्या वर्षी मी अकरावीत होते. अब्बा फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. औषध मारूनही अळी मरेना, तेव्हा दुकानदार शेतकऱ्यांना सांगू लागला, "औषध पक्कं हाये. मिस्त्रीचे पंपच बराबर फवारत नाहीत." अब्बांकडे पंप येणं बंद झालं.

बाजाराच्या दिवशी मी अब्बांना घेऊन त्याच्या दुकानात गेले. उग्र वासाने डोळे चुरचुरत होते. मी बाटलीसोबतचा इंग्रजी कागद मागितला.

"तुले काय समजते त्यातलं?" दुकानदार हसला.

मी मोठ्याने वाचलं, "मे ओन्ली पार्टली कंट्रोल. म्हणजे अळी थोडीफारच मरंल, तेही मेली तर. मस्ट नॉट बी रिलाइड अपॉन. म्हणजे याच्या भरोशावर राहूच नका. मग काका, अब्बाच्या पंपाले काहून दोष देऊन राह्यले तुम्ही?"

दुकानातले शेतकरी त्याच्याकडे बघू लागले. त्याची मान खाली गेली.

"बस झालं, बेटा," अब्बा म्हणाले. तरी मी तीच ओळ आणखी दोनदा वाचली, सावकाश.

पंप पुन्हा येऊ लागले. तेव्हा वाटायचं, मी सगळं अब्बांसाठी केलं. आज कळतं, अब्बांसाठी एकदाच वाचलं होतं. नंतर दोनदा वाचलं ते दुकानदाराचा उतरलेला चेहरा बघायला, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही.