बत्तीस फुटांची भांगलण

मंगळवारी सकाळी नऊ वाजता कमलाकरनं शेडचं दार उघडलं आणि प्रेशर वॉशर बाहेर ओढला. दोन चाकांवरचं लाल धूड, वर पेट्रोलचं इंजिन आणि त्याला जोडलेला पाण्याचा पंप. बंदुकीसारख्या नळीतनं पाणी असं मारायचं की फरशीवरचं शेवाळ सालटं निघाल्यागत निघायचं. ऑगस्टात हे धूड शेवटचं बाहेर निघालं होतं. आता मार्च सरत आला होता.

गडी अडुसष्ट वर्षांचा. कऱ्हाडच्या खालच्या अंगाला नदीकाठी गाव. मँचेस्टरात येऊन एक्केचाळीस वर्षं झाली, त्यातली एकतीस बस डेपोत डिझेल इंजिनं खोलण्यात गेली. लांबनं येणाऱ्या बसचा आवाज ऐकून तिचं काय दुखतंय ते चहाचा कप खाली न ठेवता सांगायचा. असल्या माणसाला गुरुवारी अकराच्या आत बत्तीस फूट वाट धुवायची होती. एवढंच काम.

वाट म्हणजे फाटकापासून दारापर्यंतची. उताराची, दगडी फरश्यांची, उत्तरेला तोंड. तिच्यावर ऊन कधी पडत नाही आणि पाऊस कधी थांबत नाही. ह्याच वाटेवर फेब्रुवारीत कमलाकरची बायको सुलक्षणा मेथीची जुडी हातात घेऊन येताना घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं. आता ती हॉस्पिटलच्या रिहॅब वॉर्डात वॉकर धरून चालायला लागली होती. गुरुवारी अकराला तिथली थेरपिस्ट बाई घर बघायला येणार होती. वाट पायाला घट्ट लागली तर सुलक्षणा सोमवारी घरी. नाही लागली तर केअर होममध्ये, तात्पुरती. मागच्या दाराला सहा पायऱ्या, त्यामुळं तो रस्ता बंदच.

"सुनेत्रा बी तात्पुरतीच गेलीवती," सुलक्षणा फोनवर म्हणाली. सुनेत्रा तिची चाळीस वर्षांपासनंची मैत्रीण. "दोन वरसं झाली. उकडलेलं बटाटं खाऊन तोंड पांढरंफटक पडलंय तिचं. मला न्हाई जायचं तिकडं."

"तू कशाला जातीयास? धुतो की आज."

"दिवाळीपास्नं धुताय."

 दिवाळीपासनं ती सांगत होती हे खरं, आणि उद्या धुतो, परवा धुतो करत त्यानं थंडी काढली हेही खरं.

त्यानं टाकीचं झाकण उघडून बघितलं. काठोकाठ भरलेली. आबांच्या शिस्तीत. गावाकडं विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं आणि त्याच्या वडिलांचे, आबांचे, दोन नियम होते: टाकी रिकामी सोडायची नाही आणि पंप कोरडा सोडायचा नाही. टाकी संपली की नळीत हवा शिरायची, मग नट ढिला करून हवा काढत बसा. पंप कोरडा पडला की पाणी उचलायचा नाही, मग बादल्या ओतत बसा. एकदा पोरगेला कमलाकर टाकी मोकळी सोडून खेळायला गेला, तेव्हा आबांनी पायातलं पायताण काढून हातात घेतलं होतं. ते डोक्यात असं बसलं की ऑगस्टात मशीन शेडात ढकलताना त्यानं टाकी गळ्यापर्यंत भरली, पंपातलं पाणी तसंच ठेवलं आणि दाराला कडी घातली.

नळाचा पाइप जोडला, पाणी सोडलं. जोडाच्या आसपास जरा ठिबकत होतं. रबर जुनं झालं असणार, असं म्हणून त्यानं नजर काढून घेतली. वरनं झिमझिम चालूच होती, कुठलं पाणी कुणाचं ते कोण बघतंय. तेल बघितलं, ठीक. चोक ओढला आणि दोरी ओढली.

काही नाही.

पुन्हा ओढली. दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली. इंजिन नुसतं खोकायचं आणि गप बसायचं. प्लग काढून पुसला, घातला, ओढली. एअर फिल्टर झटकला, घातला, ओढली. साडेअकरापर्यंत उजवा खांदा कानाला लागला.

"तुझ्या बैलाला तुझ्या," कमलाकर मशीनला म्हणाला. "सांगून तरी मर, काय झालंय ते."

शेजारच्या कुंपणावरनं ऋजुतानं डोकं वर काढलं. ही पुण्याची, सॉफ्टवेअरवाली, दिवसभर घरातनंच काम करणारी. मुलगी भली, फक्त प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ बघते.

"काका, पेट्रोल कधीचं आहे?"

"ऑगस्टचं."

"सात महिने? अहो, ते शिळं झालं असणार!"

"पेट्रोल काय भात हाय शिळा व्हायला?"

"इथल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं काका. ते पडून राहिलं की खराब होतं, आत चिकटा धरतो. विंटरला ठेवताना टाकी रिकामी करायची असते. मी आत्ताच व्हिडिओ बघितला."

"एकतीस वरसं इंजिनं बघितली मी."

"डिझेलची," ऋजुता म्हणाली. मग त्याचं तोंड बघून तिनं जरा मऊ घेतलं. "मी इलेक्ट्रिकवाला ऑर्डर करू का? आत्ता केला तर उद्या येईल."

"घरात इंजिन असताना? काय नगं."

इथं गडी चुकला. पण तेव्हा त्याला ते कोण सांगणार? ग्लासगोहून त्याच्या पोरानं, उदयनंही दुपारी तेच सांगितलं, "पप्पा, प्लीज, मी पाठवतो ना." त्याच्यावर तर कमलाकर खेकसलाच. डेपोत ज्यानं पोरांना इंजिन शिकवलं त्यानं बागेतल्या खेळण्यापुढं हात टेकायचे आणि पोराकडनं दुसरं मागवायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. संध्याकाळपर्यंत दोरी ओढली. रात्री खांद्याला मलम चोळायला घरात माणूस नव्हतं, तेही आपलं आपणच, पोचेल तिथवर.

बुधवारी सकाळी उठल्यावर मात्र त्यानं टाकीचं झाकण उघडून नाक आत घातलं. वास पेट्रोलचा नव्हता. जुन्या वार्निशाचा होता, आंबूस. त्यानं गुपचूप टाकीतलं सगळं कॅनमध्ये काढलं, कौन्सिलच्या कचरा डेपोत टाकायला बाजूला ठेवलं, पेट्रोल पंपावर जाऊन नवं आणलं, भरलं. कुंपणापलीकडं खिडकीत ऋजुता बसलेली दिसत होती. ती शहाणी, बघत नसल्यासारखं करत होती.

चोक ओढला, दोरी ओढली. तिसऱ्याला इंजिन लागलं!

कमलाकरनं चोक हळूच आत ढकलला आणि इंजिन मेलं. पुन्हा लावलं. चोक ओढलेला असेस्तोवर फडफडतंय, सोडला की मरतंय. अर्धा तास हाच खेळ. शेवटी त्यानं पाना फरशीवर आपटला, तो उडाला आणि त्याच्याच नडगीवर बसला.

तेवढ्यात सुलक्षणाचा फोन.

"झाली का वाट?"

"कुठली वाट! चोक लावला की चालतंय, सोडला की मरतंय. जीव खाल्ला भाड्यानं."

"म्हंजे कसं करतंय?"

"फरफर करतंय आन् बसतंय."

पलीकडं वॉर्डात कुणाची तरी घंटा वाजत होती. 

"स्टोव्ह फरफर करून बसायला लागला की सासूबाई काय करायच्या?"

"आता हितं स्टोव्ह कुठनं आणला मधीच?"

"पिन मारायच्या. नोजलात कचरा बसला की रॉकेल वर येत न्हाई. तुमच्या त्या इंजिनाला नोजल हाय का न्हाई?"

कमलाकर उभा होता तिथंच उभा राहिला. नोजल होतं. कार्बोरेटरच्या पोटात जेट म्हणतात ते, केसाएवढ्या भोकाचं. डिझेलला कार्बोरेटर नसतो, म्हणून आयुष्यभर त्याच्याशी गाठ पडली नव्हती, एवढंच. पण हे बायकोला फोनवर कशाला सांगायचं?

"बघतो," म्हणाला.

"बघा. आन् बघून झालं की धुवा."

त्यानं कार्बोरेटरची खालची वाटी खोलली. तळाला काकवीसारखा हिरवट चिकटा बसलेला. जेट काढून आभाळाकडं धरला, आरपार उजेड नाही. स्टोव्हची पिन मँचेस्टरात कुठनं मिळायची? जुन्या वायरीतली तांब्याची एक तार सोलली, भोकात घातली, फिरवली, फुंकली. पुन्हा आभाळाकडं धरला. सुईच्या नेढ्याएवढा उजेड दिसला. सगळं धुऊन, पुसून, परत बसवलं. दीड वाजला होता.

पहिल्याच ओढीला लागलं. चोक सोडला, तरी चालू. असं गोड चाललं की ऋजुता अंगठा वर करत बाहेर आली, आणि कमलाकरच्या तोंडावर दोन दिवसांत पहिल्यांदा जरा कळा आली.

"बगितलंस? इंजिन हाय म्हणलं."

त्यानं बंदूक फरशीवर रोखली, घोडा दाबला. पाणी आलं. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीगत आलं, थांबत थांबत, पायाशीच. आणि त्याच क्षणी पंपाच्या पोटातनं फुस्सकन कारंजं उडालं ते कमलाकरच्या तुमानीवर, मांडीपास्नं बुटापर्यंत.

इंजिन बंद केलं. पंप पुसला, चष्मा लावून बघितलं. पितळी अंगावर बोटभर लांब चीर. नखात अडकेल एवढी. काल जोडाजवळ ठिबकत होतं ते जोडातनं नव्हतंच, ह्या चिरेतनं होतं.

"फ्रॉस्ट," ऋजुता हळू आवाजात म्हणाली. "जानेवारीत मायनस सहा होतं काका. आत पाणी राहिलं असेल तर..."

"राहिलं न्हवतं. मीच ठेवलंवतं."

एवढं बोलून तो उलट्या बादलीवर बसला. टाकी रिकामी सोडायची नाही, पंप कोरडा सोडायचा नाही. विहिरीवर दोन्ही बरोबर. इथं टाकी भरून ठेवली म्हणून इंजिन तुंबलं आणि पंप भरून ठेवला म्हणून फुटला. आबांना काय दोष द्यायचा? आबांनी बर्फ बघितलं ते फक्त जत्रेतल्या गोळ्याचं. ह्यानं एक्केचाळीस हिवाळे बघितले होते.

ऋजुता फोनवर बोटं फिरवत होती. "इलेक्ट्रिकवाला आता फ्रायडे दाखवतंय. मशीन भाड्यानं देणाऱ्या दुकानात विचारलं, सॅटर्डे म्हणतायत."

गुरुवार अकराला एकवीस तास उरले होते, त्यातला उजेड पाच तासांचा.

कमलाकर उठला, शेडात गेला आणि सुलक्षणाचं खुरपं घेऊन आला. गावाकडनं आणलेलं, लाकडी मुठीचं, मेथीच्या वाफ्यातलं. फाटकाजवळ उकिडवा बसला आणि पहिल्या फरशीवरचं शेवाळ खरवडायला लागला. शेतात बायका ओळीनं बसून, आपापली पात म्हणजे ओळ धरून तण काढतात, भांगलतात, तसा. जन्मात ह्यानं भांगलण केली नव्हती. भांगलण बायकांची, इंजिन गड्याचं, असं तो आणि त्याचे भाऊ म्हणायचे. इंजिन शेजारी उभं होतं, कोमट, एकदम तंदुरुस्त, बिनकामाचं.

दोन फरश्यांत गुडघे बोंबलले. चार फरश्यांत कंबर. शेवाळ दिसायला मऊ, पण दगडाच्या भोकाभोकात त्याची मुळं. पाऊस कॉलरीतनं आत चालला होता. खरवडायचं, सोड्याचं कढत पाणी ओतायचं, घासायचं, पुढं सरकायचं. मधेच त्यानं मान वळवून मागं बघितलं, तर सहा फूट झालं होतं. त्यानं मशीनला, सरकारला, हवामानाला आणि स्वतःला अशा शिव्या घातल्या की समोरचा गोरा म्हातारा, एक अक्षर कळत नसताना, खिडकी लावून घेऊन आत गेला.

साडेतीनला ऋजुता लांब दांड्याचा ब्रश घेऊन आली. एका कानात मीटिंग चालू.

"काका, तुम्ही खरवडा, मी घासते. माझा माईक म्यूट आहे, तुम्ही बोला काय बोलायचं ते."

"माझं बोलून संपलं गं पोरी."

संपलं नव्हतं. दिवेलागणीला शेवटची फरशी झाली तेव्हाही तो बोलतच होता. उठायला मात्र तिचा हात धरावा लागला.

गुरुवारी अकराला थेरपिस्ट बाई आली. तिनं बुटाचा तळ फरशीवर घासून बघितला, वर गेली, खाली आली, उताराचं माप घेतलं. एका बाजूला धरायला कठडा हवा म्हणाली. तो रिहॅबकडनं शनिवारी बसवतील. जाता जाता तिनं विचारलं, वाट कशानं साफ केली? कमलाकरनं खुरपं दाखवलं. बाईनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि सोमवार म्हणाली.

सोमवारी सुलक्षणा आली. फाटकात गाडीतनं उतरली, एका हातानं नवा कठडा धरला, दुसऱ्या हातात काठी. कमलाकर मागं मागं, हात पसरून, पडली तर झेलायच्या बेतानं. पण तो स्वतःच कमरेतनं असा वाकलेला की तीच पडायची त्याला सावरताना. तिसऱ्या फरशीवर ती थांबली. वाकता येत नव्हतं, नुसतंच खाली बघितलं. दगडावर आडवेतिडवे ओरखडे उठले होते.

"माझ्या खुरप्याची धार घालवली."

"लावून देतो."

"भांगलण बरी केलीया," ती म्हणाली. "पात वाकडी धरलीया मातर. आमच्या शेतावर असता तर मुकादमानं उठवलं असतं."

मग एकेक फरशी करत ती दारापर्यंत पोचली. सत्तावीस मिनिटं लागली नसतील, पण कमलाकरला तेवढी वाटली. उंबऱ्यात तिनं मान वळवून शेडकडं बघितलं. दार उघडं होतं, आत लाल धूड उभं.

"टाकी?"

"मोकळी केली."

"पंप?"

"फुटलाय."

"मग ठेवलंय कशाला ते?"

"इंजिन चांगलं हाय की," कमलाकर म्हणाला.

ती काठी टेकत आत गेली आणि गॅसपाशी जाऊन बघायला लागली, दोन महिन्यांत ह्या माणसानं शेगडीचं काय करून ठेवलंय ते.