नऊशे नव्याण्णव वर्षांची सही

"आई, आहे काय तिथे? नुसता कातळ!"

"त्याच कातळात तुझ्या बापाने सुरुंग लावून खड्डे पाडले नि कलमं जगवली."

"आणि तिथेच तू पडलीस! दुपारपर्यंत कुणाला पत्ता नाही. मी इथे बहारीनला, अस्करच्या कारखान्यात शिफ्टवर. परत तुला एकटीला पाठवू?"

हा माझा मुलगा संदीप, तिथल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात फोरमन. हातात करार: राजापूरची आमची जमीन चिरेखाणीला द्यायची! वीजमीटर बदलायला म्हणून मी त्याला मुखत्यारपत्र दिलं होतं. त्याच्याच जोरावर हा सही करणार. एकदा खाण झाली की मला परत जायला उरणार काय? खड्डा!

माझ्या एका वाक्याने भांडण कसं मिटलं ते सांगते. पण आधीचे किस्से ऐकल्याशिवाय त्यात मजा नाही. आणि किस्से इथे एसीच्या पाण्यासारखे साचतात. थेंब कुणी बघत नाही, बादली मात्र भरलेली!

*

सुरुवात नातीच्या प्रोजेक्टपासून. ईराच्या वाट्याला किरिबाटी नावाचा देश आला. पॅसिफिकमधली तेहतीस बेटं, पूर्वी इंग्रजांची. बहारीनचीही मूळची तेहतीसच म्हणतात, नि हुकूम इथेही इंग्रजांचाच चालायचा. मी चौथी पास. पुढचं शिक्षण दुसऱ्यांच्या दप्तरांतून ओरबाडून केलेलं. भिंग घेतलं नि तिचा ॲटलास बळकावला.

"आजी, इट्स माय प्रोजेक्ट!"

"मार्क तुझे. देश माझा!"

*

जिदहफ्सच्या आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी दोघे जण चहाला येतात. त्यांना मी भूगोल शिकवते. मागितला नसला तरी!

एक कुलकर्णी, पुण्याचे, बँकेत. यांना सगळं आधीच माहीत असतं. मी सांगत होते, की जगाची तारीख बदलणारी रेघ किरिबाटीच्या मधूनच जायची. अर्ध्या बेटांवर रविवार, तर अर्ध्यांवर सोमवार. दोन्हीकडची ऑफिसं एकाच वेळी उघडी असायची ती आठवड्यातून चार दिवस. शेवटी त्यांनी रेघच वाकवली!

"काहीतरीच काकू! असा देश चालेल कसा?"

"तुमचा संसार चाललाय ना? तुमची सुट्टी शुक्रवार-शनिवार, वहिनींची पुण्यात रविवारी."

कुलकर्णींनी कप बशीत ठेवला. मग हळूच म्हणाले, "काकू, रेघ वाकवायचा अर्ज कुठे करायचा?"

*

दुसरा सुरेश तांडेल, गुहागरकडचा, ट्रेलर चालवतो. त्याला म्हटलं, "तिकडे समुद्र बेटं गिळतोय."

"इथे उलटं आहे, काकी. नवीन आलो तेव्हा जिथे गळ टाकून बसायचो, तिथे आता पार्किंग मिळत नाही!"

*

मग आलं बानाबा. त्याच देशातलं एक टीचभर बेट. जमिनीत फॉस्फेट, म्हणजे खत. गोऱ्यांच्या कंपनीने खणायचा करार केला, नऊशे नव्याण्णव वर्षांचा!

"हजार का नाही, काकी?" सुरेश.

"लाज वाटली असेल!"

सही ज्याची घेतली, त्याला कागदावर राजा केलं. बेटाला मुळात राजाच नव्हता! त्या बिचाऱ्याला सगळ्यांच्या वतीने सही करायचा अधिकारच नव्हता. बेट खरवडलं, परमुलखातल्या कुरणांवर पसरलं, नि माणसं नेऊन ठेवली दूर फिजीतल्या एका बेटावर.

संदीप सोफ्यावर मोबाइल बघत होता. मान वर न करता म्हणाला, "वाचता येत नसेल त्याला."

मी पुढे सांगितलं, की त्या माणसांनी नव्या बेटावर गावं वसवली नि नावं दिली ती जुन्याच गावांची. तीच चार, जशीच्या तशी. सुरेशने चहा अर्धा टाकला नि उठला.

पुढच्या शुक्रवारी फोटो दाखवला. मआमीरच्या त्याच्या कामगार-कॅम्पमधल्या खोल्यांची दारं, त्यांवर मार्करने लिहिलेलं: वरची वाडी, खालची वाडी, तांडेलवाडी, देवळाकडे.

"साहेब ओरडला नाही?"

"ओरडला. पण आता तोच विचारतो, 'खालची वाडीचा एसी दुरुस्त झाला का?' आणि काकी, आमचा केरळचा वेल्डर, मराठीचं अक्षर येत नाही, काल मला फोनवर म्हणतो, 'भाई, मैं देवळाकडे बैठा हूँ!'"

सुरेश हसला खूप. मग नाक शिंकरायला बाथरूममध्ये गेला.

*

संदीपबरोबर मी इथे आले तेव्हा लोणच्याच्या बरणीवर ठेवायला म्हणून चिऱ्याचा एक तुकडा बॅगेत टाकला होता. आमच्याच जोत्याचा, ढासळलेला. एअरपोर्टवर अधिकाऱ्याने बॅग उघडली. लालभडक दगड!

"व्हॉट इज धिस?"

संदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे झाले. "सर, माय हाऊस."

त्याने दगड हातात फिरवला, माझ्याकडे बघितलं नि अगदी गंभीरपणे विचारलं, "व्हेअर इज द रेस्ट?"

*

तर, भांडण. कागद टेबलावर, उडू नये म्हणून त्यावर माझाच दगड ठेवलेला! ईरा दारात उभी.

"माझ्याकडे अधिकार आहे, आई. रीतसर कागद आहे. आणि हे मी तुझ्यासाठीच करतोय."

मी दगड उचलून पदरात घेतला, माझ्या चष्म्याच्या डबीतलं पेन काढून त्याच्या हातात दिलं नि म्हटलं, "कर सही. फक्त तुझ्या नावाखाली लिही, मी राजा नाही."